ओबी-वान खोटं बोलला की तेव्हा गोष्टच ठरली नव्हती? भाचीने माझी दांडी उडवली आहे

पोहे_पदावान, इंदूर

नमस्कार मंडळी, मदत पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे, कारण रात्री जेवणं झाली की परत कोर्ट बसणार आहे. देवासहून भाची आली आहे सुट्टीत, वय वर्षे १२, आणि मी मोठ्या हौसेने तिला स्टार वॉर्स दाखवायला घेतलं. क्रम आपला सिनेमे निघाले तोच, आधी १९७७, १९८०, १९८३ आणि मग १९९९, २००२, २००५. सहा रात्रीत सहा संपवले, कूलरसमोर गादी टाकून. मला वाटलं पोरगी लाइटसेबर बघून खूष होईल, पण ही वही घेऊन बसते हो. अहिल्याबाईंच्या ३०० व्या जयंतीला शाळेत हिने होळकरांची वंशावळ केली होती, भलामोठा चार्ट पेपर, तीच गुंडाळी सोबत आणली आहे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आता स्कायवॉकर खानदान काढणं चालू आहे. पुढे मल्हारराव, मागे अनाकिन, जो पुढे खलनायक डार्थ वेडर होतो, आणि त्याची जुळी मुलं ल्यूक आणि लेया. तुकोजी मल्हाररावांचा सख्खा मुलगा नाही म्हणून तिथे तुटक रेघ आहे, तशीच तुटक रेघ मागे लेया आणि तिला दत्तक घेऊन वाढवणारे ऑर्गाना यांच्यामध्ये. इतकी कडक पोरगी आहे.

तर तिचे आक्षेप ऐका. पहिल्या सिनेमात म्हातारा बेन, म्हणजेच ओबी-वान, ल्यूकला सांगतो की वेडर माझा शिष्य होता, तो बिघडला आणि त्याने तुझ्या वडिलांना मारलं. दुसऱ्यात कळतं वेडरच वडील. तिसऱ्यात बेनचं भूत येऊन सांगतं की एका दृष्टीने बघितलं तर मी खरंच बोललो होतो. यावर ही म्हणते, मामा, एका दृष्टीने बघितलं तर मी गृहपाठ केला होता असं बाईंना सांगून बघू का. मग लेया. ती ल्यूकला सांगते की खरी आई थोडीशी आठवते, प्रेमळ होती पण उदास असायची, आणि २००५ वाल्यात त्यांची आई पद्मे तर बाळंतपणातच जाते, दोघांची नावं ठेवली आणि गेली, मग आठवायला राहिलं काय? आणि आर-टू, तो छोटा ड्रॉइड, म्हणजे यंत्रमानव. बेन म्हणतो माझ्याकडे कधी ड्रॉइड असल्याचं आठवत नाही. अरे, तीन सिनेमे तुझ्या डोळ्यासमोर फिरत होता तो!

मी म्हटलं खोटं बोलला, पोराला जपायला, मोठी माणसं बोलतात. माझा ऑफिसातला मित्र म्हणतो की १९७७ ला वेडर बाप आहे हे लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हतं. दोघांपैकी कोण बरोबर ते सांगा, मतलब पुराव्यासकट सांगा, तिथे वहीत सगळं उतरतं.

राजवाडा_रिबेल, इंदूर

मित्र बरोबर. पहिल्या सिनेमात ती मारामारी परत बघ, बेन त्याला नुसतं "डार्थ" म्हणून हाक मारतो, जसं आपण कोणाला बंड्या म्हणू. म्हणजे तेव्हा डार्थ ही सिथ लोकांची, म्हणजे वेडरच्या त्या दुष्ट पंथाची, पदवी नव्हतीच, त्या माणसाचं नाव होतं. पदवीबिदवी सगळं नंतरचं. आणि दुसरा मोठा पुरावा म्हणजे दुसऱ्या सिनेमाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८ च्या सुरुवातीला लिहून दिला होता, त्यात ल्यूकच्या वडिलांचं भूत येतं आणि ते वेडरपेक्षा वेगळं आहे, दोन वेगळी माणसं! बिचाऱ्या त्या मार्चमध्ये वारल्या आणि पुढचे खर्डे झाले तेव्हा दोघांचा एक माणूस झाला. पहिला सिनेमा लागला तेव्हा त्यावर एपिसोड चार असंही नव्हतं, ते १९८१ ला परत लावला तेव्हा चिकटवलं. तेव्हा बेन खोटं बोलला वगैरे काही नाही भिया, त्या दिवशी तो शंभर टक्के खरं बोलत होता, त्याला काय माहीत पुढे त्याच्या तोंडी काय घालणार आहेत.

आणि दुसऱ्या सिनेमात लेया ल्यूकचा मुका घेते ते भाचीने विचारलं नाही का? नसेल तर तू पण काढू नको.

आर२_रामबाग, इंदूर

झालं, आले खर्डे घेऊन. अहो रिबेलसाहेब, प्रत्येक प्रश्नाला "लेखकाला माहीत नव्हतं" हे उत्तर देता येतं, मग गोष्टीवर बोलायचंच कशाला, सगळे जण खर्डे वाचत बसू. मुलीने विचारलंय गोष्टीतलं, उत्तर गोष्टीतलंच पाहिजे.

ड्रॉइडचं सोपं आहे. बेन म्हणतो माझ्या मालकीचा ड्रॉइड आठवत नाही, आणि खरंच आहे ते, आर-टू आधी नाबू ग्रहाच्या राणीच्या जहाजावरचा, मग पद्मेकडे, मग अनाकिनबरोबर. ओबी-वानबरोबर असायचा तो लाल डोक्याचा आर-फोर, तो वेगळा, आणि तोही त्याच्या खिशातला नाही, जेडायांच्या संघाचा. जेडाय म्हणजे साधू-योद्धे, त्यांना खासगी मालमत्ता कुठली आलीय. सरकारी जीप चालवणारा म्हणेल का माझी जीप होती? आणि समोर एक अनोळखी पोरगा उभा आहे, एम्पायरचे शिपाई गावात ड्रॉइड शोधत फिरत आहेत, अशा वेळी कोण म्हणेल हो हो हा आमचाच, ये रे बाळा.

वेडरचंही तेच. १९ वर्षाच्या पोराला पहिल्याच भेटीत सांगायचं की तो काळा डबा तुझा बाप आहे? त्याच दिवशी जाऊन त्याच्या पाया पडला असता. वडीलधाऱ्यांनी वेळ बघून बोलायचं असतं. आमच्या घरात एका काकांनी धंदा बुडवला हे आम्हाला लग्नं झाल्यावर कळलं, तोवर "काका बाहेरगावी असतात" एवढंच. तेही एका दृष्टीने खरंच होतं, बाहेरगावीच होते.

लेयाचं म्हणाल तर ती फोर्सवाली, म्हणजे त्या गूढ शक्तीवाली आहे, तिला आईच्या मनातलं काहीतरी पोचलं असेल, त्याला आठवण म्हणते ती. यात एवढं काय.

बडोद्याची_बेन

बडोद्याहून बोलते आहे, नावावर हसून घ्या आधी, इथे सगळ्याच बेन आहेत.

आर-टू भाऊ, ड्रॉइडचं पटलं, लेयाचं नाही पटलं. फोर्सने आठवत असेल तर मग ल्यूकला का नाही आठवत? जुळी आहेत, एकाच खोलीत जन्मली, ल्यूक तर दोन मिनिटं आधी आला. तो स्पष्ट म्हणतो मला काहीच आठवत नाही. काही जण म्हणतात लेया तिला वाढवणाऱ्या राणी ब्रेहाबद्दल बोलते आहे, ते पण चालत नाही कारण ल्यूक मुद्दाम "खरी आई" असं विचारतो. सरळ आहे, १९८३ मध्ये डोक्यात होतं की आई लेयाला घेऊन काही वर्षं लपून राहिली असेल आणि २००५ मध्ये शोकांतिका जोरदार व्हावी म्हणून तिला तिथेच मारली. मला तो बदल आजही आवडत नाही. अनाकिन भट्टीत पडतो तेवढी शोकांतिका पुरे होती, बाईला "जगण्याची इच्छा राहिली नाही" म्हणून मारायची काय गरज? दोन लेकरं समोर आहेत! आमच्या आजीने सात बाळंतपणं आणि एक दुष्काळ काढला.

पण वेडरच्या वाक्याबद्दल रिबेलना एक सांगते. २०२२ ची ओबी-वानवाली मालिका पाहिली का? शेवटच्या भागात वेडरचा मुखवटा अर्धा फुटतो आणि तो स्वतःच ओबी-वानला सांगतो की अनाकिनला तू नाही मारलंस, मी मारलं. आणि तिथून निघताना ओबी-वान त्याला फक्त "डार्थ" म्हणतो. म्हणजे बेन पुढे ल्यूकला जे सांगतो ते त्याने स्वतःच्या कानाने ऐकलेलं आहे, ज्याने मारलं त्याच्याच तोंडून. मला तर काटा आला होता. त्याच भागात तो १० वर्षांच्या लेयाला तिच्या आईवडिलांचे गुण सांगतो, नावं न घेता, समजूतदार आणि प्रेमळ हे आईकडून आलं म्हणून. आता लेयाला जी आई "आठवते" तिच्यात हे मिसळलं असेल की नाही? लहानपणी ऐकलेलं आणि पाहिलेलं आपण वेगळं करू शकतो का सांगा, मला माझे पणजोबा आठवतात असं मी वीस वर्षं सांगत होते, मग हिशोब केला तर ते मी जन्मायच्या आधीच गेले होते.

राजवाडा_रिबेल, इंदूर

बेन ताई, मस्त लिहिलंत, पण हे ४५ वर्षांनी लावलेलं ठिगळ आहे. आणि ठिगळाने नवीन भोक पाडलं. पहिल्या सिनेमात वेडर म्हणतो की तुला सोडून गेलो तेव्हा मी शिकाऊ होतो, आता गुरु मी आहे. तुमच्या मालिकेत तर हे दोघं पहिल्या सिनेमाच्या नऊ वर्षं आधी दोन वेळा भेटले, एकदा त्याने ओबी-वानला जाळला, एकदा याने त्याचा मुखवटा फोडला. मग शिकाऊ कधी होता? शिवाय लेया. लहानपणी ज्याने जीव वाचवला त्याला निरोप पाठवताना ती म्हणते की वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या वडिलांसोबत क्लोन वॉर्समध्ये होतात. जसं काही बँकेच्या मॅनेजरला अर्ज.

बडोद्याची_बेन

निरोप शत्रूच्या हाती लागला तर म्हणून तसा दिला, दोघांचं ठरलं होतं कोणाला कळू द्यायचं नाही. शिकाऊवालं मात्र तुमचं बरोबर, त्याला माझ्याकडे उत्तर नाही, त्या वाक्याला मी डोळे मिटते.

पोहे_पदावान, इंदूर

बापरे, एवढं आलं! सकाळी पोहे खात वाचून दाखवलं सगळं, मुक्यावालं सोडून. आर-टू भाऊंची सरकारी जीप एकदम पास झाली, वहीत टिक आली. काकांचा किस्सा आईला जास्त आवडला, ती विचारते कुठले तुम्ही.

आता नवीन आक्षेप, वय. मला तारखांचा तक्ता सापडला, यविनच्या लढाईला, म्हणजे पहिल्या सिनेमाच्या शेवटच्या लढाईला, शून्य धरून आधीची आणि नंतरची वर्षं मोजतात तो, म्हणजे १९९९ वाला सिनेमा ३२ वर्षं आधी, २००२ वाला २२, २००५ वाला १९, आणि पुढे १९८० वाला ३ वर्षं नंतर, १९८३ वाला ४. त्यात ओबी-वानचा जन्म ५७ वर्षं आधीचा. म्हणजे पहिल्या सिनेमातला तो पांढऱ्या दाढीचा आजोबा ५७ चा! आमचे बाबा ६४ चे, ते म्हणाले मी बरा आहे मग. आणि वेडर मरतो तेव्हा ४५, मुखवटा काढल्यावर आत निघतो सत्तरीचा गृहस्थ. पोरगी विचारते मामा तू ४१ चा आहेस ना, म्हणजे चार वर्षांनी.

दुसरी भानगड म्हणजे उलटी वर्षं. तिचं डोकं फिरलं की त्या लोकांना कसं कळायचं की लढाई व्हायला ३२ वर्षं राहिली आहेत. ते आईने सोडवलं, कणीक मळता मळता. म्हणे अगं, इसवी सनापूर्वीच्या लोकांना तरी कुठे माहीत होतं. आणि एकच दिवस दोन नावांनी चालतो यात नवल काय, आपल्या शेजारच्यांचा श्रावण आपल्या आधी १५ दिवस लागतो, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावस्येला, ते श्रावण सोमवार धरून बसलेले असतात तेव्हा आपल्याकडे आषाढच असतो, पण चंद्र एकच आहे ना. इंदुरात जन्म गेला आणि हे मला ४१ व्या वर्षी स्टार वॉर्समुळे नीट कळलं.

आर२_रामबाग, इंदूर

वयाचं सांगतो. बेन जिथे लपून राहिला त्या टॅटूइन ग्रहाला दोन सूर्य आहेत हो. १९ वर्षं दोन सूर्यांखाली, सनस्क्रीन नाही, माठ नाही. आपल्याकडे एकाच सूर्यात मे महिन्यात राजवाड्यापासून खजुरी बाजारापर्यंत चालून दाखवा, परत येताना पांढरी दाढी नाही आली तर सांगा. वेडर तर लाव्हात भाजून निघालेला.

राजवाडा_रिबेल, इंदूर

किंवा असं की ॲलेक गिनेस १९१४ चे, शूटिंगच्या वेळी बासष्टीला आलेले, आणि मुखवट्याखालचे सेबॅस्टियन शॉ १९०५ चे. त्या वेळी कोणी हिशोब केलाच नव्हता. पुढे २००४ च्या डीव्हीडीत शेवटी दिसणारं शॉ यांचं भूत पुसून तिथे तरुण हेडन क्रिस्टेन्सन बसवला, म्हणजे ल्यूकला बापाचा असा चेहरा दिसतो जो त्याने जन्मात पाहिलेला नाही. ओळखला कसा त्याने? हा प्रश्न भाचीला द्या, माझ्यातर्फे भेट.

आणि डेथ स्टार घ्या, एम्पायरचा तो चंद्राएवढा तोफेचा अड्डा. पहिला २००५ वाल्याच्या शेवटी बांधताना दिसतो, म्हणजे १९ वर्षं लागली. दुसरा चारच वर्षांत अर्धा उभा आणि तोफ चालू. इंदूरच्या मेट्रोची पायाभरणी सप्टेंबर २०१९ ची, पहिली गाडी धावली ३१ मे २०२५ ला, ती पण जेमतेम सहा किलोमीटर. एम्पायरचा ठेकेदार कोण होता विचारा कोणीतरी.

किल्लेदार, ग्वाल्हेर

उशिरा आलो. दोन दिवस वाचून राहिलो आहे आणि दोघंही, रिबेल आणि आर-टू, एकमेकांना न ऐकता बरोबर बोलत आहेत म्हणून लिहितो, लांब होईल.

त्या मुलीच्या चार्टची पुढची बाजू बघा. होळकरांचा, शिंद्यांचा इतिहास आपल्याकडे दोन वाटांनी येतो, एक पत्रं आणि एक बखरी. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार माहीत नसतं. खंडेराव कुंभेरीला १७५४ मध्ये पडले तेव्हा पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला कुठे माहीत होतं की मागे राहिलेली सून १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य सांभाळणार आहे. बखरवाल्याला शेवट माहीत असतो. पुष्कळ बखरी घटनेनंतर कितीतरी वर्षांनी लिहिल्या, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिल्या, मग त्यात सुरुवातीपासूनच शकुन होतात, स्वप्नं पडतात, तारखा मागेपुढे होतात, मेलेला माणूस चार ओळी जास्त बोलतो. बखर म्हणजे खोटं नव्हे. पण तिच्यातली तारीख उचलून पत्रावर चढवायची नाही.

तर १९७७ हे पत्र आहे. १९९९ नंतरचं सगळं बखर. पत्रातल्या बेनला पुढचं माहीत नाही हे रिबेलचं खरं. बखरीत त्याच बेनला कारण मिळतं हे आर-टूचं खरं. तुम्ही विचारता बेन खोटं बोलला का, तर मी उलट विचारतो, कुठला बेन?

विक्रम संवताचंच घ्या, भाचीला आवडेल कारण उज्जैन तिच्या देवासपासून तासाभरावर. संवत सुरू होतो इसवी सनापूर्वी ५७ मध्ये, ओबी-वानच्या जन्माचाच आकडा, योगायोग. पण जुन्या शिलालेखांत त्याला विक्रम म्हटलेलंच नाही, कृत म्हटलंय नाहीतर मालव. आपल्याच मंदसोरला यशोधर्मनचा लेख आहे, त्यात मालवांचं ५८९ वं वर्ष दिलं आहे. विक्रमाचं नाव काही शतकांनी येऊन चिकटलं आणि आज आपण म्हणतो विक्रमादित्यानेच सुरू केला. १९८१ मध्ये सिनेमावर "एपिसोड चार" चिकटवलं आणि आज लोक शपथेवर सांगतात की पहिल्या दिवसापासून होतं. हे काय वेगळं आहे?

आणि बखरीतही राजमान्य आणि बिनराजमान्य असतं. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली, चार अब्ज डॉलरच्या वर देऊन, आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केलं की एवढ्या वर्षांच्या कादंबऱ्या, कॉमिक्स सगळ्या "लेजंड्स", म्हणजे दंतकथा, यापुढे धरायच्या नाहीत. थ्रॉन नावाचा निळ्या कातडीचा सरदार १९९१ च्या कादंबरीतला, तो पण बाहेर गेला. आणि दोन वर्षांत, २०१६ ला, कार्टून मालिकेतून सन्मानाने परत आत. दप्तरातून नाव खोडलेला माणूस मागच्या दाराने दरबारात.

२०२४ च्या मालिकेवरून जो गोंधळ झाला तोही याच गल्लीतला. की-आडी-मुंडी, तो उंच डोक्याचा जेडाय, १९९९ वाल्याच्या साधारण शंभर वर्षं आधी हिंडताना दाखवला. लोक पेटले, म्हणे त्याचा जन्म तर यविनच्या ९२ वर्षं आधीचा. पण ती ९२ लेजंड्समधली, म्हणजे खोडलेल्या दप्तरातली! जे दप्तर तुम्ही स्वतः रद्द मानता त्यातल्या जन्मतारखेवरून भांडायचं. बरं, भांडायला खरा मुद्दा होता की. हाच मुंडी १९९९ वाल्यात म्हणतो की सिथ हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले. मग मालिकेत शंभर वर्षांपूर्वी सिथ हिंडत होता हे त्याला कळलं नाही की कळून लपवलं, हे विचारा ना. ते कोणी धड विचारलं नाही, सगळे जन्मदाखला घेऊन उभे.

आर२_रामबाग, इंदूर

किल्लेदार साहेब, पत्रं आणि बखर, मान्य. पण मग बाकीच्यांनी कधी काही नवीन लिहायचंच नाही का? तेवढं सांगा म्हणजे झोपतो.

किल्लेदार, ग्वाल्हेर

लिहा की. फक्त पत्रात खाडाखोड करू नका. २००४ मध्ये शॉ यांना पुसलं ती खाडाखोड. २०२२ मध्ये वेडरच्या तोंडी ते वाक्य घातलं ती बखर, आणि चांगली बखर, बेन ताईंना काटा आला तर माझी ना नाही.

पोहे_पदावान, इंदूर

किल्लेदार, तुमची पोस्ट मी दोनदा वाचून दाखवली, दुसऱ्यांदा बाबांनी टीव्ही बंद करून ऐकली, ही आमच्या घरात छोटी गोष्ट नाही. निकाल असा लागला की चार्टवर आता दोन रंग. निळ्या पेनने त्या त्या साली जे दाखवलं ते, आणि पेन्सिलने नंतर कोणी काय सांगितलं ते. बेनच्या चौकोनात निळ्याने "वेडरने मारलं" आणि खाली पेन्सिलने "वेडर स्वतः म्हणाला, २०२२". लेयाच्या आईपुढे निळ्यानेच दोन ओळी आहेत, एक १९८३ आणि एक २००५, मध्ये प्रश्नचिन्ह, ते ती खोडायला तयार नाही, आणि बेन ताई, तुमचे पणजोबा पण कडेला पेन्सिलने आहेत. मग चार्ट उलटा करून होळकरांच्या बाजूलाही पेन्सिल घेऊन बसली आहे, कुठलं कुणी कधी लिहिलं ते शोधायचंय म्हणे, रविवारी मला लायब्ररीत नेणार आहे. सुट्टी माझी, हुकूम तिचा.

आणि काल रात्री मी शहाणपणा करून हान सोलोवाला २०१८ चा सिनेमा लावला, म्हटलं हलकंफुलकं आहे. शेवटी तो लाल तोंडाचा मॉल आला पडद्यावर. ही ताडकन उठून बसली, मामा हा १९९९ मध्ये दोन तुकडे होऊन विहिरीत पडला होता ना, आणि हा सिनेमा त्यानंतरचा आहे ना. मी म्हटलं झोप आता. सांगा काय करू.

बडोद्याची_बेन

क्लोन वॉर्स या कार्टून मालिकेचा चौथा सीझन, शेवटचे दोन भाग दाखव, त्यात तो सापडतो, कमरेखाली कोळ्यासारखे लोखंडी पाय घेऊन. पुढे रेबेल्स या दुसऱ्या कार्टून मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये म्हाताऱ्या ओबी-वानच्या हातून टॅटूइनवर संपतो, तो भाग रुमाल घेऊन बघा. पण क्लोन वॉर्स पहिल्यापासून लावणार असलास तर ऐक, ते भाग काळाच्या क्रमाने नाहीतच, दुसऱ्या सीझनचा सोळावा आधी बघायचा, मग पहिल्याचा सोळावा, मग २००८ चा सिनेमा, मग बाकीचे, एकूण १३३ भाग आहेत.

पोहे_पदावान, इंदूर

१३३!! शाळा १६ तारखेला उघडते हिची.

राजवाडा_रिबेल, इंदूर

नवीन चार्ट पेपर आणून ठेव भिया.